आतल्या बाजूचा रंग

मोटारसायकल माझी नव्हती, भाच्याची होती. नोकरीसाठी परदेशी जाताना "मामा, आठवड्यातून एकदा चालू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल," एवढे सांगून त्याने किल्ली माझ्या हातात दिली, आणि पुढची सहा वर्षे ती टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली उभी राहिली. पहिले चार-सहा महिने मी इमानाने ती चालू करीत असे. पुढे विसरलो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला, "मामा, विकून टाका. येतील ते पैसे आईला द्या."

ज्यांना या विषयात गम्य नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. गाडी करिझ्मा. 2003 साली ही गाडी पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा आपल्या रस्त्यांवर शंभर सीसीच्या गाड्यांचे राज्य होते, आणि हिचे इंजिन 223 सीसीचे. पण पोरे भाळली ती इंजिनापेक्षा तिच्या तोंडावर. हेडलाइटपासून टाकीच्या बगलेपर्यंत रंगीत प्लॅस्टिकचे कवच. इंग्रजीत त्याला फेअरिंग म्हणतात. आमच्याकडे मिस्त्रीपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे डूम म्हणतात. या डूमची एक बाजू जगाकडे तोंड करून असते. तिच्यावर रंग, पट्टे, नाव. दुसरी चालवणाऱ्याकडे तोंड करून असते, म्हणजे मीटरच्या दोन्ही अंगांना बसवलेले काळे प्लॅस्टिक. गॅरेजमध्ये त्याला 'इनर' म्हणतात. हा लेख त्या इनरबद्दल आहे. ज्याची एकतीस वर्षे तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवण्यात गेली त्याने मोटारसायकलच्या काळ्या प्लॅस्टिकवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते आहे.

गाडी एकदा पडली होती. भाचा कॉलेजात असताना गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात एका ओल्या वळणावर घसरला. हाताला प्लॅस्टर लागले. माझ्या बहिणीला 'बॅडमिंटन खेळताना पडलो' असे सांगण्यात आले, आणि त्या सांगण्याला मी साक्षीदार होतो. (हा अंक तिच्या हाती पडेल तेव्हा खरे काय ते तिला कळेलच. वाचून झाल्यावर तिने आधी मला फोन करावा, त्याला नव्हे.) गाडी कुठल्याशा गॅरेजात दुरुस्त झाली. बाहेरचा डूम नवा बसला आणि अपघाताची खूण मिटली. आतले कुणी पाहिले नाही. उजवा इनर बोल्टाच्या भोकापासून चार बोटे तडकलेला, डाव्याचा अडकवण्याचा कान तुटलेला. त्यात सहा वर्षे पोर्चमध्ये येणाऱ्या तिरप्या उन्हाने दोन्ही पांढुरके पडले होते.

माझ्या ओळखीचा मिस्त्री तिसऱ्या रेल्वे फाटकाच्या पलीकडे, उद्यमबागच्या वाटेवर बसतो. पन्नाशीचा माणूस. एके काळी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मराठी, कानडी, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत हात सारखाच चालायचा. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, ब्रश ठेवून त्याने रंगाची गन हाती घेतली. त्याने पाच-सात बोल्ट सोडवून डूम उतरवला, आत डोकावला आणि मला जवळ बोलावले. डूम, हेडलाइट आणि मीटर या सगळ्यांचे वजन एका लोखंडी सांगाड्यावर असते. तो पुढे चासीला बोल्टने बसवलेला असतो. त्याला स्टे म्हणतात. आमच्या गाडीचा स्टे अपघातात मोडला होता, आणि कुणीतरी तो वेल्डिंग करून, वर काळा रंग मारून परत बसवला होता. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडला. "ह्यो वेल्ड बघा सर. वरनं नुसता थापलाय, आत धरलाच न्हाई. स्टे बदला तुम्ही."

मी "बघू" म्हणालो. स्टे कुणाला दिसत नव्हता. इनर दिसत होते.

इनर शोधायला शहरातली तीन दुकाने पालथी घातली. डावा मिळाला, तोही कंपनीचा नव्हे, आणि त्याच्या काळ्याला नको इतकी चकाकी होती. उजवा कुठेच नव्हता. तेव्हा असे ठरले की डावा नवा घालायचा, उजवा जुनाच सांधायचा आणि दोन्ही एकदम रंगवून एका रंगाचे करायचे. मला वाटले होते की रंगवणे म्हणजे रंग मारणे. पण रंग मारणे हे त्या कामातले शेवटचे अर्धे तास. आधी इनरच्या पाठीवर साच्यातच उमटवलेली अक्षरे शोधायची. तिथे एबीएस असेल तर रंग धरतो. पीपी असेल, म्हणजे बादल्या ज्याच्या होतात ते प्लॅस्टिक असेल, तर त्यासाठी वेगळा अस्तर लागतो, नाहीतर रंग चार दिवसांत सालीसारखा सुटतो. आमचा एबीएस निघाला. मग साबणाच्या पाण्याने दोनदा धुणे, कारण वर्षानुवर्षे मारलेल्या पॉलिशातले सिलिकॉन जिथे उरते तिथे रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल फाकतो. मग तडीच्या टोकाला बारीक भोक पाडणे. तड पुढे धावायची ती त्या भोकाशी थांबते. मोडलेल्या वस्तूला आणखी एक भोक पाडून ती वाचवायची, हे मला पहिल्यांदा विचित्रच वाटले.

आणि मग त्याने जे केले ते मी स्टुलावर बसून शेवटपर्यंत पाहिले. टाकून द्यायच्या डाव्या इनरचा त्याने कानशीने कीस पाडला, तो ॲसिटोनमध्ये विरघळवून काळी खीर केली आणि ती उजव्याच्या तडीत भरली. एबीएस ॲसिटोनात विरघळते आणि ॲसिटोन उडाला की पुन्हा घट्ट होते, म्हणजे जोड डिंकाचा राहत नाही, त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा होतो. मला नागसेनाची आठवण झाली. 'मिलिंदपञ्ह' मधला रथ मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवला. दांडी म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे नव्हे, चाके म्हणजेही नव्हे. मग रथ म्हणजे काय? तसेच थीसियसचे जहाज, ज्याच्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि हॉब्जने 1655 मध्ये त्याला जोडलेली पुस्ती, की काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचे दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? इथे तर डावा काढून उजव्यात मुरवला होता. मी मिस्त्रीला विचारले, आता ही तीच गाडी म्हणायची का? तो म्हणाला, "चासी नंबर त्योच हाय न्हवं? मग तीच." आरटीओने हा प्रश्न केव्हाच सोडवून टाकला आहे.

1974 साली आलेले रॉबर्ट पर्सिगचे मोटारसायकलवरचे पुस्तक पुष्कळांनी वाचले असेल. त्यात लेखकाच्या मित्राच्या भारी जर्मन गाडीचे हँडल ढिले होते आणि लेखक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ते घट्ट करायला निघतो. मित्र दुखावतो. त्याला त्या पट्टीत डबा दिसतो. लेखकाला न गंजणारा, मऊ, नेमक्या जाडीचा धातू दिसतो. मी त्या प्रसंगात नेहमी लेखकाच्या बाजूने असायचो. पण किसाची खीर पाहताना मनात आले ते हे, की गिऱ्हाइकाला हे सांगायचे नाही. म्हणजे मी त्या मित्राच्याच जातीचा.

पावसाने चार दिवस खाल्ले. हवेत ओल असली की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरते आणि काळा रंग राखेसारखा पांढुरका होतो. बेळगावच्या जुलैत कोरडी दुपार मिळणे ही नशिबाची गोष्ट. ती मिळाली तेव्हा त्याने अस्तर मारला, वाळू दिला, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासला, मग काळा, आणि वर बिनचकाकीचा लॅकर. चकाकी का नको, तर इनर चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो आणि त्याच्यावरचे ऊन सरळ डोळ्यांत येते. इतकी वर्षे मी इनरला नुसता काळा म्हणत होतो. तो कुणाच्या तरी डोळ्यांसाठी काळा आहे हे माझ्या गावी नव्हते. एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. हार्डनर मिसळून मारायच्या या लॅकरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासावाटे जाऊन रंगाऱ्यांना दमा लागतो. मिस्त्री तोंडाला हातरुमाल बांधून काम करीत होता. हातरुमालाला ती वाफ अडत नाही. मी त्याला गाळणी लावलेला मास्क आणून दिला; तो त्याने खिळ्याला अडकवला आणि माझ्या समाधानासाठी मी असेपर्यंत लावला. माझ्या पाठीमागे लावत असेल असे मला वाटत नाही.

रंग वाळल्यावर त्याने उजवा इनर माझ्या हातात दिला. समोरून जोड शोधूनही सापडेना. उलटा केला. पाठीमागेही त्याने काळा मारला होता, ज्याची गरज नव्हती आणि ज्याचे पैसे त्याने लावले नाहीत. पण जोडावर दोन बोटे रुंदीचा पट्टा तसाच अस्तराचा, राखाडी.

"हे राहिलं का?"

"राहिलं न्हवं, ठेवलोय."

"कशाला?"

"उद्या दुसरा मिस्त्री उघडतोय की ओ सर. हितं जोड हाय म्हणून त्येला कळाय नको? काळं मारलो तर त्यो अख्खं समजून बोल्ट आवळतोय, आणि फाटतंय."

माझी आई धारवाडकडची. तिच्या इरकलावर तिने स्वतः काढलेली कसुती होती. कसुतीच्या गवंती आणि मुरगी या टाक्यांत गाठ मारायची नाही, आणि सुलट बाजूला जसे दिसते तसेच उलट बाजूला दिसले पाहिजे. मेंथीच्या टाक्याला तेवढी सवलत. आई आम्हाला पदर उलटून दाखवायची आणि म्हणायची की माणसाने असे असावे. नीतिशास्त्राचा तो माझा पहिला पाठ. आत-बाहेर एकसारखे. पुढे जे वाचले ते सगळे मी या पदराशी ताडून पाहत आलो.

मिस्त्रीचा इनर त्या पदरात बसेना. त्याचे आत आणि बाहेर एकसारखे नव्हते आणि तरी ते खोटे नव्हते. उलट एकसारखे केले असते तर खोटे झाले असते. कसुती नव्या, अखंड कापडावर असते. जे मोडून जुळवले आहे त्याला दुसरा नियम हवा. सौंदर्यशास्त्र शिकवताना मी तो नियम पोरांना सांगितलेलाही होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत इटलीतल्या देवळांमधली भित्तिचित्रे उद्ध्वस्त झाली. तेव्हा रोमच्या संवर्धन-संस्थेत चेझारे ब्रान्डी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेलेला भाग भरून काढायची एक रीत बसवली. तिथे सपाट रंग द्यायचा नाही. बारीक उभ्या रेघांनी भरायचे. दहा पावलांवरून चित्र अखंड दिसते, जवळ गेले की रेघा दिसतात आणि इतके नंतरचे आहे हे कळते. 1964 च्या व्हेनिसच्या सनदेतही हेच आले की नव्याने घातलेला भाग मूळ वस्तूशी मिळताजुळता असावा, पण मूळ कोणते नि नवे कोणते हे ओळखता यावे. मी हे परीक्षेत आठ गुणांना विचारत असे. त्याची आठवण मला तिसऱ्या फाटकापलीकडे झाली.

कुणी म्हणेल, मग रफूगाराचे काय? त्याची सगळी कला जोड न दिसण्यात. मी यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटते, रफू लपला म्हणून कुणाचे काही जात नाही. कोटाच्या बाहीवर कुणाचा जीव टांगलेला नसतो. ज्या जोडावर पुढे कुणीतरी भार टाकणार आहे तो जोड लपवता येत नाही. म्हणजे लपवता येतो, पण मग तो भार टाकणारा फसतो. आतली बाजू कुणी पाहत नाही असे आपण म्हणतो ते चूक आहे. तिला एकच प्रेक्षक असतो, आपल्यानंतर उघडणारा. तो सहसा अशा वेळी उघडतो की आपण तिथे नसतो.

इतका विचार करणाऱ्या माणसाने पुढे काय केले ते आता सांगतो.

गिऱ्हाईक आले. खानापूर तालुक्यातला तरुण, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला, रोज जाऊन-येऊन करणारा. शाळेत असल्यापासून ही गाडी घ्यायची होती म्हणाला. ॲव्हरेज विचारले, कागद चोख आहेत ना विचारले, इंजिन खोलले आहे का विचारले. गाडी पडली होती का, हे त्याने विचारले नाही. मी आपण होऊन म्हणालो, "हा उजव्या बाजूचा इनर तडकला होता, सांधून रंगवून घेतलाय." तो खाली वाकला, बोट फिरवले. जोड लागला नाही. "सर, तुम्ही सांगितलात. दुसरं कोण सांगतंय?" आणि घासाघीस न करता पाच हजार विसार माझ्या हातावर ठेवून गेला.

स्टेबद्दल मी बोललो नव्हतो.

कांटच्या 1785 च्या पुस्तकात एक दुकानदार आहे. अडाणी गिऱ्हाइकालाही तो जादा भाव लावत नाही, पण का, तर नाव राहावे म्हणून. कांट म्हणतो की हे वागणे कर्तव्याला धरून झाले खरे, पण कर्तव्यापोटी झाले नाही. एकतीस वर्षे मी त्या दुकानदाराला वरच्या बाकावरून हसलो. त्याने निदान कुणाला फसवले तरी नव्हते. माझी कबुली त्याच्याही खालची होती. लहान खोट सांगून मी जो विश्वास मिळवला तो मोठ्या खोटीवर पांघरला. गप्प बसलो असतो तर त्या पोराने कदाचित आणखी दोन प्रश्न विचारले असते, एखादा मिस्त्री सोबत आणला असता. मी खरे बोलून त्याचे डोळे मिटवले. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यासाठी पुढे 2001 मध्ये त्याला नोबेल मिळाले. विकणाऱ्याला वस्तूची आतली स्थिती ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच खोटे धरून कमी भाव देतो, मग चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून उठतात आणि वाईट तेवढ्या उरतात. अकरलॉफचे गिऱ्हाईक संशयी आहे. माझे नव्हते.

रात्री भाच्याला फोन केला. त्याला स्टेचे सांगितले. तो म्हणाला, "त्यानं विचारलं का?"

"नाही."

"मग झालं तर. मी दोन वर्षं चालवलीच की तशी."

'विचारले नाही म्हणून सांगितले नाही' या वाक्यावर मी वर्गात तास घेतले आहेत. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे कोणावर बंधनकारक, डॉक्टरावर किती, वकिलावर किती, शेजाऱ्यावर किती. त्या रात्री यातले काही कामाला आले नाही. मला फक्त हिशेब दिसत होता. नवा स्टे मिळून बसवायला दीड-दोन हजार गेले असते, आणि त्याहून जास्त मी रंगावर घातले होते.

ताबा द्यायला गाडी गॅरेजवरच ठेवली होती. तो तरुण हार आणि नारळ घेऊन आला, सोबत बायको. मी कागदांवर सह्या करीत होतो. मिस्त्री साखळीला ऑइल देत होता, त्याने मान वर न करता विचारले, "स्टेचं सांगितलासा न्हवं सर?"

त्याच्या आवाजात काही नव्हते. त्याला खरोखर वाटत होते की मी सांगितले असेल.

मी म्हणालो, "नाही. सांगायचं राहिलं."

'राहिलं' म्हणालो. 'ठेवलं' म्हणायला हवे होते. मिस्त्रीने एकदा माझ्याकडे पाहिले, हात पुसले आणि डूम उतरवायला घेतला. मग त्या दोघांना जवळ बोलावून त्याने सगळे दाखवले; वेल्ड कुठे आहे, तो सुटला तर हेडलाइटसकट डूम कसा पुढच्या चाकावर येईल, आणि मग हँडल कसे अडकेल. बायको काही बोलली नाही. तिने हाराची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी विसार परत करतो म्हणालो. तो तरुण बराच वेळ गाडीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, स्टे नवा घालून द्या, चार हजार कमी करा, घेतो. मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की त्याला वाटले असेल अजून काही आहे.

ते त्याला वाटलेच. मोबाइलचा टॉर्च लावून तो गाडीखाली उकिडवा बसला आणि एकेक भाग पाहू लागला. उतरवलेला इनर पोत्यावर पडला होता, तो त्याने उलटा केला. राखाडी पट्ट्यावर उजेड धरला.

"आणि हे काय?" त्याने विचारले. मी उत्तर द्यायला पुढे झालो. पण त्याने ते मिस्त्रीला विचारले होते.